विल्फ स्नेथच्या घरात गॅस येतो

विल्फ स्नेथचं बूड त्या पंधरवड्यात कुठल्या खुर्चीला म्हणून टेकलं नाही. बसला की उठे, उठला की खिडकीशी जाई, रस्त्यात त्याच्याच घरासाठी गॅसवाल्यांनी खणलेला चर बघे, आणि परत येऊन त्याच खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभा राही. बहात्तर वर्षांचा बाप्या, पण पायाला भिंगरी लागलेली. शेवटी त्याची बायको ऑड्री शालीतून तोंड बाहेर काढून म्हणाली, "अरे बस की मेल्या एका जागी! तुझ्याकडे बघून मलाच धाप लागते."

धाप ही त्या घरात आता थट्टेची गोष्ट राहिली नव्हती. मागच्या हिवाळ्यात ऑड्रीला दोनदा डरहमच्या इस्पितळात न्यावं लागलं होतं. डॉक्टरीणबाईंनी सरळच सांगितलं होतं, घरातला कोळशाचा धूर बंद करा, आणि गारठाही लागू देऊ नका, नाहीतर पुढचा हिवाळा त्यांना निघणार नाही. आता धूर नको आणि गारठाही नको, म्हणजे करायचं काय? इंग्लंडच्या उत्तरेतल्या त्या थॉर्लॉ गावातली कोळशाची खाण बंद होऊन वीसएक वर्षं झाली होती, पण निवृत्त खाणवाल्यांचा हक्काचा कोळसा अजून मागच्या दाराशी येऊन पडत होता, आणि स्नेथांचं अख्खं घर बैठकीच्या खोलीतल्या त्या एका कोळशाच्या चुलीवर तगून होतं. रांगेतल्या बाकीच्या घरांत कधीच गॅस आला होता. विल्फच्या घरात नाही. स्वयंपाकसुद्धा विजेवर. "माझ्या उंबऱ्याच्या आत गॅस नको," हे त्याने इतक्या वेळा म्हटलं होतं की ते दारावर कोरायचं तेवढं बाकी होतं.

मग लॉर्नाचा फोन आला. लॉर्ना त्यांची एकुलती एक लेक, कार्लाइलला शाळेत मुख्याध्यापिका, त्यामुळे आईबापांशीही शाळा भरल्यासारखीच बोलायची.

"बाबा, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मी येतेय. त्या दिवशी खोली धुराशिवाय गरम असली तर ठीक. नसली तर आईला घेऊन जाणार."

"आणि मी?"

"माझ्याकडे एकच जादा पलंग आहे, तोही अरुंद. तुम्हाला ठाऊक आहे."

"म्हणजे म्हातारपणी नवराबायकोची फारकत करतेस?"

"मी नाही करत. तुमचा हट्ट करतोय," लॉर्ना म्हणाली, आणि फोन ठेवला.

आता सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, पण हा पीळ बायकोच्या श्वासाशी येऊन भिडला होता. विल्फने दोन दिवस कुणाशी शब्द काढला नाही. तिसऱ्या दिवशी टोपी घातली, मोजपट्टी काढली आणि बैठकीची खोली मोजू लागला. लांबी, रुंदी, उंची. मग दाराखालची फट मोजली. मग धुराड्यात डोकं घालून वर बघितलं आणि चेहरा काळा करून बाहेर आला.

"काय करतोयस?" ऑड्री म्हणाली.

"हवा किती आहे ते बघतोय. गॅसची शेगडी आणायची तर हवेचा हिशोब आधी."

चाळीस वर्षांत त्या तोंडून ते शब्द निघतील असं ऑड्रीला वाटलं नव्हतं. लगेच हसले तर हा फिरेल, म्हणून ती उठून चहा ठेवायला गेली आणि तिथे एकटीच हसली.

दुकानात मात्र रंगच झाला. डरहमचं दुकान, काचेच्या दारांच्या लोखंडी शेगड्या ओळीने मांडलेल्या, स्वयंपाकाच्या नव्हेत, खोली उबवायच्या. दिसायला लाकडाच्या, आत गॅसच्या. विक्रेती मुलगी गोड होती, पण तिच्या वाट्याला विल्फ आला.

"ही फार जाते बघा, साडेसात किलोवॅट," ती म्हणाली.

"आमची खोली चार मीटर बाय साडेतीन. साडेसात कशाला? आम्ही काय पाव भाजायचेत? आणि सातच्या वर गेलं की भिंतीला हवेचं भोक पाडावं लागतं, ते सांग की गिऱ्हाइकाला."

मुलगी चपापली. "हो, ते... बरोबर आहे तुमचं."

"ही आतली हवा घेते की बाहेरची?"

"बाहेरची घेणारी पण आहे, तिची काच पूर्ण बंद असते. पण तिला बाहेरची भिंत लागते."

"आमची चूल शेजाऱ्याच्या भिंतीला. म्हणजे ती गेली. मग धुराड्यात आतून पोलादी नळी सोडणार ना वरपासून खालपर्यंत? की नुसतं भगदाडात ढकलून मोकळे?"

"नळी सोडतातच," मुलगी म्हणाली, आणि आधारासाठी ऑड्रीकडे बघू लागली.

"उत्तरं देत राहा बाळ," ऑड्री म्हणाली. "खाणीत डेप्युटी होता तो. पाळीवर आत जाऊन हवा तपासायची, गॅस आहे की नाही बघायचं, आणि वहीत सही करायची, हेच काम. तेव्हा माणसांना छळायचा, आता शेगड्यांना."

विल्फचं तोंड एकदम उतरलं. मुलीला वाटलं तो चिडला, म्हणून तिने घाईघाईने विषय बदलला. "आत काय ठेवायचं तेही निवडायचंय. लाकडाचे ओंडके की कोळसा? दोन्ही मातीचेच असतात, भाजून रंगवलेले. पण ज्वाळा आली की ओळखू येत नाहीत."

"मातीचा कोळसा?" विल्फ म्हणाला. "तेहतीस वर्षं पोटावर सरपटून खरा काढला, आणि आता पैसे देऊन मातीचा विकत घेऊ?"

यावर ऑड्रीला असं हसू फुटलं की त्याचा खोकला झाला, आणि खोकला थांबेना. ती शेगडीच्या कडेला धरून वाकली, ओठ निळसर पडले. मुलीने खुर्ची आणली, पाणी आणलं. विल्फ बाजूला उभा राहिला, हात कुठे ठेवावेत ते न कळून. खोकला ओसरल्यावर ऑड्रीने डोळे पुसले आणि बोट दाखवलं. "ही. पाच किलोवॅट. आणि कोळसा घाला आत. आयुष्यभर तेच बघत आलेय, आता ओंडके कशाला?"

परतीच्या बसमध्ये ऑड्रीने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि तिला डुलकी लागली. विल्फ मात्र खिडकीच्या दांडीवर बोटं वाजवत राहिला.

लोकांना वाटायचं, स्नेथ गॅसला भितो. साहजिकच होतं. त्याच्या सख्ख्या मेव्हण्याला, ऑड्रीच्या धाकट्या भावाला, मॅटी गॉलंडला, गॅसनेच खाल्लं होतं. एकोणचाळीस वर्षं झाली त्याला. त्यानंतर विल्फने डेप्युटीचं काम सोडलं आणि परत फावडं धरलं. गाव म्हणालं, बघा, किती मनाला लावून घेतलं बिचाऱ्याने. गावाला काय जातंय म्हणायला! खाई त्याला खवखवे.

खरी गोष्ट अशी होती. शनिवार होता. पाळी संपण्याआधीची शेवटची फेरी विल्फची. प्रत्येक खोदकामाच्या पार टोकापर्यंत जायचं, दिव्याची ज्योत बारीक करायची, दिवा हळूहळू छताकडे न्यायचा आणि बघायचं. ज्योतीवर फिकट निळी टोपी चढली तर गॅस. नाही चढली तर वहीत लिहायचं, गॅस नाही, आणि खाली सही. तीन नंबरच्या बोगद्यात त्या दिवशी विल्फ टोकापर्यंत गेलाच नाही. वीस पावलं अलीकडून वळला, आणि वहीत लिहिलं, गॅस नाही, विल्फ्रेड स्नेथ. पुढच्या पाळीत मॅटीने तिथे यंत्र सुरू केलं. दगडावर पातं घासून ठिणगी उडाली. चौकशीवाल्यांनी वही बघितली, वही स्वच्छ होती. गॅस अचानक सुटला असणार, असं त्यांनी लिहिलं, आणि प्रकरण मिटलं. त्या वीस पावलांबद्दल विल्फने कुणाला सांगितलं नाही. ऑड्रीला तर नाहीच नाही.

म्हणून भीती गॅसची नव्हतीच कधी. गॅस घरात आला की कुणीतरी कागद पुढे करणार, ही होती.

शुक्रवारी सकाळी आठला गॅस बसवणारी आली. बसवणारा नव्हे, बसवणारी. चाळिशीची, रुंद खांद्यांची, निळा अंगरखा, गाडीवर मोठ्या अक्षरांत नाव. बेव्ह ट्युलिप.

"नावावर जाऊ नका हं," दारातच ती म्हणाली. "फुलं नाही विकत मी. तुम्ही विल्फ ना? दुकानातल्या पोरीने बजावून पाठवलंय मला. म्हणाली, तिथे जाशील तर अभ्यास करून जा."

धुळीचा त्रास नको म्हणून ऑड्री दोन घरं सोडून मिसेस एल्स्टॉबकडे बसायला गेली. जाताना दारात वळून म्हणाली, "पोरीला काम करू दे. तिच्या खांद्यावरून वाकून बघत बसू नकोस." आणि बेव्हला म्हणाली, "तीनला येते मी. खोली गरम हवी हं, राणी. परवा लेक येतेय परीक्षा घ्यायला."

विल्फ अर्थातच खांद्यावरूनच बघत बसला. बसला तरी कुठे, उभाच होता. धुराड्यातून आधी दोन बादल्या काटक्या निघाल्या, कावळ्यांच्या जातीच्या पाखरांनी वर्षानुवर्षं टाकलेल्या. मग बेव्ह शिडीने छपरावर चढली आणि वरून पोलादी नळी सोडली, आणि विल्फ खाली नळीचं टोक धरायला तत्पर. तिने म्हटलं सोडा, तर तो म्हणे धरतो. तिने म्हटलं धरा, तर तो म्हणे थांब, आधी वरची जाळी घट्ट केलीस का?

"अहो विल्फ," छपरावरून बेव्ह ओरडली, "माझे आजोबा याच खाणीत होते. मरेपर्यंत घरात गॅस येऊ दिला नाही. आजी चोरून शेजारणीकडे जाऊन केक भाजायची! तुम्ही सगळे एकाच साच्यातून काढलेले की काय?"

विल्फला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं. दुपारी त्याने तिला हॅम घालून जाड पाव दिला, चहा दिला, आणि दहा मिनिटं तर तो चक्क खिडकीच्या कट्ट्यावर टेकलासुद्धा. पोरगी कामाची होती. हातात घाई नव्हती. दाराजवळच्या मीटरपासून भिंतीच्या कडेकडेने तांब्याची नळी, तिला नऊ जोड, नववा शेगडीच्या पाठीशी. प्रत्येक जोड तिने पुसला, बघितला, परत बघितला.

मग तिने मीटरशी दाबाचं यंत्र लावलं आणि घड्याळ लावून दोन मिनिटं नुसती बघत उभी राहिली. काटा हलला नाही. शेगडी पेटवली. निळी ज्वाळा उठली आणि मातीच्या कोळशांत शिरून पिवळी झाली. बेव्हने धुराच्या कांडीने धूर काढून काचेच्या वरच्या कडेशी धरला. धूर सरळ आत ओढला गेला, खोलीत एक रेष आली नाही. खोली उबू लागली. विल्फच्या छातीवरचं ओझंही उतरायला लागलं होतं.

आणि तेवढ्यात बेव्हने कागद पुढे केला.

"इथे सही. खाली तारीख."

विल्फने चष्मा लावला. कागदावर लिहिलं होतं, तपासणी माझ्यासमोर पूर्ण झाली, गळती नाही, वापर कसा करायचा ते मला दाखवलं. तीन ओळी. त्याने पेन घेतलं आणि ते कागदाजवळ नेलं. मग ते तसंच खाली ठेवलं.

"सगळं नीट आहे ना?" बेव्हने विचारलं.

"नीट आहे. तुझ्या कामात खोट काढायला जागा नाही."

"मग?"

"मी सही करत नसतो."

"म्हणजे?"

"गॅसच्या कागदावर मी सही करत नसतो!" विल्फ ओरडला. घरात कुणी नसताना ते ओरडणं त्यालाच मोठं वाटलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "पोरी, तुझ्यावर नाही ओरडलो."

बेव्हने त्याच्याकडे नीट बघितलं. म्हाताऱ्यांची घरं तिने पुष्कळ पाहिली होती, पण हे काही तिला उलगडेना. "हे बघा, सहीशिवाय मला चालू ठेवून जाता येत नाही. तुमची नको तर बाईंची चालेल. त्या येईस्तोवर मी थांबले असते, पण मागच्या गल्लीत एकीचा बंब बंद पडलाय, घरात तान्हं आहे." तिने गॅस बंद केला, मीटरच्या चावीला लाल चिठ्ठी बांधली, कागद धुराड्याच्या फळीवर ठेवला. "पाचपर्यंत आहे मी तिथे. एक फोन करा, दोन मिनिटांत येते."

विल्फ खोलीत येरझारा घालत राहिला. शेगडीचं लोखंड टिकटिक करत निवत होतं. फळीवरचा कागद त्याने उलटा ठेवला, मग सरळ ठेवला. ऑड्री येईल, सही करेल, झालं, मिटलं. इतकं सोपं होतं. तिला खरं सांगायची काय गरज? पण ती सही म्हणजे, सगळं तपासलंय असा विल्फचा शब्द. त्याच्या शब्दावर विसंबून आणखी एक गॉलंड, मॅटीची बहीण, तिथे बसणार. हे मनात आलं आणि त्याला उभंही राहवेना.

तीनला ऑड्री आली. दारातून आत येतानाच हात पुढे करून आली, ऊब चाचपायला, आणि तशीच थांबली.

"थंड आहे."

"हो."

"ती पोरगी गेली? बिघडलं काय?"

"काही नाही बिघडलं. फर्स्टक्लास बसवलीय."

"मग पेटव की!"

"सही राहिलीय."

ऑड्रीने फळीवरचा कागद घेतला, वाचला, आणि तिचा पारा चढला. "एवढ्यासाठी? एका सहीसाठी मला गारठ्यात बसवतोस? परवा लॉर्ना येतेय, विल्फ! मला त्या पोरीच्या अरुंद पलंगावर मरायचं नाहीये, मला इथे राहायचंय! आण ते पेन. मी करते."

"करू नकोस."

"का नको?"

"मी तपासलंय म्हणून तू करणार. म्हणून नको."

"तू नाही तपासणार तर कोण? खाणीत तेच तर केलंस."

"नाही केलं," विल्फ म्हणाला.

आणि मग ते बाहेर पडलं. उभ्याउभ्याच, खुर्चीच्या पाठीला धरून. तीन नंबरचा बोगदा, वीस पावलं, वही. त्याने काही सजवलं नाही, की स्वतःला शिव्या देऊन दया मागितली नाही. जे झालं ते सांगितलं. ऑड्री अंगात कोट तसाच ठेवून खुर्चीत बसत गेली. तिच्या श्वासाची शिट्टी तेवढी ऐकू येत होती.

तिने विचारलं, "का वळलास?"

विल्फने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आजारी होतास? छत खचत होतं? का वळलास विल्फ?"

"लीकसाठी," तो म्हणाला.

लीक म्हणजे कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ. त्या मुलखात दर सप्टेंबरात गावोगाव त्याची प्रदर्शनं भरतात, आणि मनगटाहून जाड, दुधासारखे पांढरे लीक पिकवणारा माणूस वर्षभर ताठ मानेने फिरतो. माणसं आपल्या वाफ्यावर राखण बसवतात, इतका त्याचा मान.

"दुपारी एकच्या आत प्रदर्शनात मांडायचे होते," विल्फ म्हणाला. "उपटून, मुळं धुऊन न्यायचे होते. फेरी पुरी केली असती तर खाणीतून वर जायचा पहिला पाळणा चुकला असता, अर्धा तास गेला असता. टोकाला कधीच काही नसायचं तिथे. म्हटलं, आजही नसेल."

"दुसरा आलास तू," ऑड्री म्हणाली. "चहाचे कप मिळाले होते."

"हो."

"मॅटी दोन वाजता भाजला. मला बोलावणं आलं तेव्हा तू मंडपात होतास. मी तिथे धावत आले होते तुला सांगायला." ती थांबली. श्वास गोळा केला. "अकरा दिवस जगला तो. तू एकदाही आत आला नाहीस. मी सगळ्यांना सांगायची, विल्फला बघवत नाही, फार जीव होता त्याचा."

"होता. खोटं नाही ते."

"चौकशीवाला आला होता इस्पितळात. मॅटीच्या तोंडावर पट्ट्या. तरी बोलला. म्हणाला, कुणाचा दोष नाही, आमच्या विल्फने तपासून लिहिलं होतं, म्हणजे तेव्हा गॅस नव्हताच." ऑड्रीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. "मरता मरता तुझी बाजू घेऊन गेला माझा भाऊ. लीकसाठी!"

विल्फला हे ठाऊक नव्हतं. एकोणचाळीस वर्षांत हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तो खुर्चीच्या पाठीवर वाकला आणि त्याच्या तोंडून असा आवाज आला की ऑड्रीनेसुद्धा वर बघितलं. पण ती उठली नाही. त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही.

ती उठली ती फोनकडे गेली.

बेव्ह आली तेव्हा दोघं खोलीच्या दोन टोकांना होती. 

"पोरी," ऑड्री म्हणाली, "तो साबणाचा फेस आणि ब्रश याच्या हातात दे. गॅस सोड. आणि तू नुसती बघ."

"बाई, मी सगळं केलंय की..."

"तू केलंयस ते ठाऊक आहे. आता हा करणार. मीटरपासून टोकापर्यंत."

विल्फ गुडघ्यांवर बसला. बहात्तर वर्षांचे गुडघे, खाणीत झिजलेले. पहिल्या जोडाला फेस लावला, बुडबुडा येतो का बघत थांबला. नाही आला. दुसरा. तिसरा. भिंतीच्या कडेने तो सरपटत चालला आणि ऑड्री त्याच्यामागून एकेक पाऊल टाकत, भिंतीला धरून, धापा टाकत. सहाव्या जोडाशी त्याने दम घ्यायला मान टेकली.

"पुढे," ऑड्री म्हणाली.

सातवा. आठवा कपाटाच्या मागे, तिथे हात वळवून घालावा लागला. नववा शेगडीच्या पाठीशी, भिंत आणि लोखंड यांच्या फटीत. त्यासाठी आडवं पडावं लागत होतं. विल्फ आडवा पडला, गाल फरशीला लावला आणि हात लांब करून ब्रश पोचवला. मग तिथेच पडून राहिला, बघत. बेव्हने घड्याळाकडे बघितलं. दोन मिनिटं झाली, तीन झाली. तो हलेना.

"बुडबुडा?" ऑड्रीने विचारलं.

"नाही."

"नक्की?"

"नक्की. टोकापर्यंत बघितलंय."

"मग ऊठ, आणि सही कर."

त्याने सही केली. अक्षर वाकडं आलं, पण पुरं नाव लिहिलं. बेव्हने लाल चिठ्ठी काढली, शेगडी पेटवली, कागदाची एक प्रत फळीवर ठेवली आणि निरोप घेताना प्रथमच एकही विनोद केला नाही.

खोली भराभर उबली. अर्ध्या तासात खिडकीच्या काचांवर वाफ धरली. ऑड्रीने शाल काढली, मग कोट काढला, आणि तिच्या श्वासाची शिट्टी हळूहळू बारीक होत गेली. विल्फने चहा करून आणला. तिने घेतला. एवढ्यावर विल्फच्या मनात एक वेडी आशा उगवलीच, माणूसच तो. तो तिच्यासमोरच्या खुर्चीत हळूच टेकला.

फोन वाजला. लॉर्ना होती.

"हो, बसवली," ऑड्री म्हणाली. "छान गरम आहे. नाही, धूर अजिबात नाही. हो गं, बाबांनी स्वतः तपासली." मग ती थोडा वेळ ऐकत राहिली. "नाही. तू रविवारी ये. मी येतेय तुझ्याबरोबर. काही नाही झालं. आल्यावर बोलू."

तिने फोन ठेवला. विल्फ तिच्याकडे बघत होता. त्याने हातातला कप खाली ठेवला.

"घर तर गरम झालं," तो म्हणाला.

"झालं."

"मग का?"

"मला माझ्या भावासाठी परत पहिल्यापासून रडायचंय. ते तुझ्यासमोर नाही जमायचं."

विल्फने मान हलवली. विचारू नये असं वाटत असूनही त्याने विचारलं, "किती दिवस?"

"ठाऊक नाही मला. उगाच आस लावत नाही, आणि तोडतही नाही." ऑड्री उठली, बॅग काढायला आतल्या खोलीच्या दाराशी गेली आणि तिथून वळली. "पण एक ऐक. ही शेगडी बंद करायची नाही. एकटाच आहे म्हणून कोट घालून थंडीत बसशील, तुझे धंदे मला ठाऊक आहेत. मी येईन तो दिवस सांगून येणार नाही. आणि आले त्या दिवशी घर थंड सापडलं, तर दारातूनच परत जाईन."

"बंद नाही करणार," विल्फ म्हणाला.

ती आत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. विल्फने खुर्ची शेगडीजवळ ओढली आणि बसला.